पिवळ्या पाण्याचे दोनशे दिरहम

बिस्कीट घ्या म्हणे, फ्री आहे! सन दोन हजार नऊ, ऑगस्टची वीस तारीख, गुरुवार, ऊन असं की रस्ता ओलांडताना चप्पल डांबरात राहावी आणि आपण पुढे यावं, उद्या चंद्र दिसला की परवा रोजे, त्याच्या दुसऱ्या दिवशी गणपती, आणि अशा दिवसांत अल ऐनला एका खुर्चीवर मला आडवा पाडून, दंडात दाभणाएवढी सुई खुपसून, ती कालची पोर मला विचारते, "काका, बिस्कीट कुठलं आवडतं? क्रीमचं की साधं?" मला! दत्ताराम गोताडला! अहो, सुई खुपसलीस ती खुपसलीस, वर बिस्कीट कसलं विचारतेस? मी फुकटचं खात नाही. लिहून ठेवा.

आता हसू नका. मी मोजकं बोलणारा माणूस. चौथीत मास्तरांनी विचारलं, "गोताड, तू बोलत का नाहीस?" मी म्हटलं, "तुम्ही थांबलात कुठं?" तिथं माझी शाळा संपली. तेव्हा थोडक्यात सांगतो, मध्ये बोलायचं नाही.

मी शटरिंगचा सुतार. म्हणजे काय, तर सिमेंट ओतायच्या आधी इमारतीला लाकडाचा साचा लागतो, तो मी बांधतो. शारजात अर्ध्या इमारती माझ्या साच्यातून निघाल्यात. आणि एक दिवस अमेरिकेत कुठली तरी बँक बुडाली. अमेरिकेत! मी त्या बँकेला बघितलं नाही, त्या बँकेनं मला बघितलं नाही, आणि माझा अठरावा मजला थांबला! मी वर खिळा ठोकतोय, खालून सुपरवायझर ओरडतोय, इजिप्तचा होता, हात नाचवत, "यल्ला, नीचे आओ! खलास!" मी म्हटलं, "खिळा अर्धाच गेलाय." तो म्हणतो, "हबीबी, खिळा भी खलास!" आहे का उत्तर? अर्धा खिळा अजून तिथं उभा असेल. मला रात्रीचा टोचतो तो.

बरं, मग पगार थांबले. मोठमोठे साहेब रातोरात पळाले. आमच्याच खानावळीतून डबा घेणारे एक अंकुरसाहेब होते, पुण्याचे, शारजातच अल नहदा भागात तीन खोल्यांचा फ्लॅट, "मावशी, चपातीला तेल नको हं, कोलेस्टेरॉल!" असं सांगणारे. ते मोटार विमानतळावर टाकून, चावी आत ठेवून, बायकोमुलांसकट पसार! दोन महिन्यांच्या बिनतेलाच्या चपात्या बुडवून! तेल नको म्हणणारा माणूस कधी सरळ नसतो, माझं मत आहे. असो.

खानावळ मैमुनाबीची. आमच्याच रत्नागिरीकडची बाई, नवरा वारल्यावर पुतण्याच्या फ्लॅटमध्ये राहून, अल नहदात चाळीस माणसांचे डबे करायची. हाताला चव अशी की माणूस डब्याला नमस्कार करील. आणि तोंड असं की डबा परत करायची छाती होऊ नये. माझा हिशेब तिच्याकडे बारा वर्षं चोख. पहिल्या तारखेला पैसे, मग दुसरं काम. पण कंपनीनं शेवटचा हिशेब केला तो असा, की हातात परतीचं तिकीट ठेवलं, एकवीस ऑगस्ट, शुक्रवार रात्र, आणि थोडी चिल्लर. चिल्लरीतून मागचं सगळं फेडलं, एक महिना तेवढा राहिला. एकशे ऐंशी दिरहम. म्हणजे आपले... तेराने गुणा... दोन हजार तीनशेच्या वर. फार नाही. पण बाईमाणसाचा भात खाऊन, बोलायचं नाही चालायचं नाही, विमानात बसून गणपतीला जायचं? आणि आरतीला उभं राहून कुठल्या तोंडानं म्हणायचं, सुखकर्ता? मैमुनाबी म्हणाली, "जावा वो दत्तारामभाव, पुढल्या खेपेला द्या." पुढली खेप कुठली? व्हिसा रद्द! मी म्हटलं, "देऊन जाईन." मी फुकटचं खात नाही.

तर आमच्या खोलीत परेश म्हणून एक प्लंबर होता, लांज्याचा. जगातल्या सगळ्या बातम्या त्याला आधी कळायच्या आणि अर्ध्या कळायच्या. तो म्हणतो, "नाना, अल ऐनला एक कंपनी आहे. रक्तातलं पिवळं पाणी घेते. त्याची इंजेक्शनं बनवते. एका पिशवीला दोनशे दिरहम!"

"रक्त विकू?"

"रक्त नाही ओ नाना! मशीन रक्त काढतं, पिवळं पाणी ठेवून घेतं, आणि लाल तुम्हाला परत देतं!"

"परत देतं? मग दोनशे कशाचे?"

"पिवळ्याचे! आणि विकणं नाही म्हणायचं. दान म्हणायचं. पैसे आपल्या वेळेचे."

आता मला सांगा, दान केलं तर पैसे कसले आणि पैसे घेतले तर दान कसलं? माझ्या वेळेचे मला पासष्ट दिरहम रोज मिळायचे, ते पण उन्हात उभं राहून, आणि इथं आडवं पडून तासाचे दोनशे? कुठं तरी पाणी मुरतंय म्हटलं! पण शुक्रवार जवळ येत होता. हातातलं घड्याळ विकलं, बसभाड्याची सोय केली. वय? पासपोर्टवर अठ्ठावन्न. आईच्या हिशेबानं मी मोठ्या वादळाच्या साली जन्मलो. वादळ कुठल्या साली, ते आईला माहीत. आई गेली. मग अठ्ठावन्नच.

पहिली खेप जुलैत. आता बघा गाढवपणा कसा होतो. मैमुनाबीला सांगितलं, अल ऐनला खजुराच्या बागेत काम बघायला जातो. खोटं नव्हे, बाग वाटेत दिसते. पण ह्या परेशच्या पोटात काही राहतं का? खरं सांगितलं नाही, तेवढं डोकं होतं, पण म्हणाला काय, "मावशी, नानांना अशक्तपणा आलाय, जरा बघा." झालं! आदल्या रात्री डबा आला, उघडतो तर पायाचं सूप! वर चार बोटं तवंग! खाली मटण, नारळाच्या वाटपातलं, बाजूला वडे, आणि चिठ्ठीऐवजी डबेवाल्याकडून तोंडी निरोप... "तिनं सांगितलंय, हाड चोखलेलं दिसलं पाहिजे, मी डबा उघडून बघणार हाय." काय करणार? अन्न टाकायचं? परत करायचं? चोखलं हाड. सकाळी उठून वर उरलेलं चोखलं.

अल ऐनला गेलो. थंडगार खोली, भिंती अशा पांढऱ्या की थुंकायची भीती वाटावी. तिथं ती पोर, मृणालिनी नाव, पुण्याचीच, अंगावर पांढरा कोट, बोलणं असं, "काका, रिलॅक्स व्हा, एकदम सिम्पल प्रोसीजर आहे, फिस्ट करा, रिलीज करा, फिस्ट करा, रिलीज करा." मी म्हटलं, "मराठीत सांग." ती म्हणाली, "मूठ वळा." मग आधी नको होतं का सांगायला? मूठ वळायला माझी हरकत नव्हतीच, कंपनी बंद झाल्यापासून मी मूठ वळूनच होतो!

मशीन सुरू. घर्र... घर्र... चक्कीसारखं. नळीतून लाल जातंय, लाल येतंय, आणि बाजूच्या माणसाची पिशवी बघतो तर पिवळीधमक, गाईचं तूप जणू. म्हटलं, आता माझी बघू. बघतो तर... पांढरी! अहो पांढरीफटक! नारळाचा पहिला रस! त्यात दोन आमसुलं टाकली असती तर सोलकढी झाली असती!

मृणालिनी धावत आली. "ओ माय गॉड. काका, तुम्ही काल काय खाल्लं?"

"जेवण."

"म्हणजे काय काय?"

मी सांगितलं. पायापासून वड्यापर्यंत. ती म्हणते, "काका, हे सगळं फॅट आहे! हे आम्ही वापरू शकत नाही!"

"मग काय करणार त्याचं?"

"डिस्कार्ड. फेकून देणार."

फेकणार! माझं! मी म्हटलं, फेकायचं असेल तर परत घाल आत! तिनं मान हलवली, मशीन बंद केलं आणि "पंधरा दिवसांनी या, आदल्या दिवशी लाइट खा." पैसे नाहीत. वर विचारते, "बिस्कीट?" मी तिच्याकडे असं बघितलं की तिनं ट्रे मागे घेतला. काम झालं नाही आणि बिस्कीट खायचं? मी फुकटचं खात नाही!

परत आलो. मैमुनाबीनं विचारलं, "काम मिळालं?" मी म्हटलं, "बघतायत." ती म्हणाली, "तोंड बघा किती उतरलंय! आणि आता मी अल ऐनला जाते तर दोन दिवस डबे नाही मिळायचे, माझी बहीण कुबरा हाय ना तिथं, तिची तब्येत बरी नाही. पण तुमचं पायाचं सूप करून ठेवते." मी म्हटलं, "सूप नको." ती म्हणाली, "पैसे नको हायत सुपाचे." मग तर मुळीच नको! पण ऐकते कोण?

दुसरी खेप ऑगस्टच्या सुरुवातीला. ह्या वेळी मी शहाणा झालो होतो. जास्त शहाणा. म्हटलं, खाल्ल्यानं पांढरं होतं ना? खायचंच नाही! आदल्या दुपारपासून पाणीसुद्धा मोजून. मृणालिनीनं विचारलं, "काका, ब्रेकफास्ट केला ना?" मी म्हटलं, "हो." खोटं बोललो. अठ्ठावन्न वर्षांत तिसऱ्यांदा. पहिली दोन विचारू नका.

मशीन सुरू. घर्र... पिशवी बघतो तर पिवळी! सोनं! म्हटलं, दत्ताराम, जिंकलास! आणि तेवढ्यात ओठांना मुंग्या आल्या, खोली एका बाजूला कलली, मृणालिनी दोन दिसायला लागल्या, एक शहाणी, एक तशीच, मला वाटलं साचा सुटला, मजला खाली येतोय, मी ओरडलो, "टेकू द्या! टेकू द्या!" आणि उठलो. सुईसकट. उठलो तो बिस्किटांच्या ट्रेवर! सगळी बिस्किटं अंगाखाली भुगा!

शुद्धीवर आलो तर पाय वर बांधलेले आणि तोंडात केळं. तोंडात! माझ्या परवानगीशिवाय! मृणालिनी रडकुंडीला आलेली. "काका, उपाशीपोटी का आलात? तुम्हाला काही झालं असतं तर माझा जॉब गेला असता!" मी आधी केळं बाहेर काढलं. मग विचारलं, "पिशवी भरली?"

"अर्धीच. अर्धी चालत नाही."

अर्धा मजला, अर्धा खिळा, अर्धी पिशवी! माझ्याच नशिबाला सगळं अर्धं! आणि केळं मी गिळलं नव्हतं, हे नोंदवून घ्या.

कपाळाला टेंगूळ घेऊन शारजाला आलो. मैमुनाबीनं टेंगूळ बघितलं आणि काय सांगू... कंबरच बांधली! दर दोन दिवसांनी पाया! कलेजी! खिमा! "बागेत झाडावरनं पडलाव काय? ह्या वयात झाडावर चढवतात मेले!" आणि मी मुकाट्यानं चोखतोय. आत गणित चाललंय. एकशे ऐंशी डब्याचे, आणि ह्या सगळ्या मटणाचे किती? ती म्हणते घेणार नाही. मी म्हणतो देणार. डोक्यात वीस धरले. झाले दोनशे. म्हणजे एक पिशवी. अख्खी. एक दिरहम इकडे नाही की तिकडे नाही.

आणि तिसरी खेप म्हणजेच ती, वीस ऑगस्ट, गुरुवार. उद्या रात्री विमान. शेवटची संधी. परेशला दम भरला, "तोंड उघडलंस तर तुझ्या नळाला आटे पाडीन." बुधवारी रात्री आलेला खिमा त्यालाच चारला, सकाळी आपल्या हातानं पेज केली, मिठाची. दोन वाट्या पेज, वर चिमूटभर लोणचं. आमच्याकडे आजाऱ्यालाही तेच, गड्यालाही तेच. बसभाडं एका बाजूचंच होतं. म्हटलं, येताना पाकिटात दोनशे असतीलच.

तिथं बघतो तर जत्रा! रोजे लागायच्या आधी सगळ्यांना पिशवी देऊन मोकळं व्हायचं होतं. रोज्यात उपाशीपोटी देता येत नाही ना! मला कोपऱ्यातली खुर्ची दिली. मधे पडदा, पलीकडे बायका. मूठ वळली. घर्र... पिशवी पिवळी. शुद्ध भान आहे. खोली सरळ आहे. म्हटलं, आज गणपती पावला.

आणि पडद्यापलीकडून आवाज आला. "अगे, एवढा कापूस कशाला वाया घालवतेस? निम्म्यात भागतंय! आणि नळी सरळ कर, मोरीच्या पाइपासारखी वळवलीयस!"

जगात असा आवाज एकच. डबा हाड चोखून परत मागणारा!

मृणालिनी माझ्या खुर्चीजवळ कौतुकानं सांगतेय, "काका, ह्या आमच्या रेग्युलर आंटी. महिन्याला दोनदा येतात. यांचा प्लाझ्मा इतका क्लीअर असतो ना, मधासारखा!"

मी पडदा सरकवला. म्हणजे मोकळ्या हातानं. पलीकडे मैमुनाबी आडवी. डोक्यावर पदर, दंडात सुई. तिनं मला बघितलं. मी तिला बघितलं. मृणालिनी म्हणाली, "अरे, तुम्ही ओळखता एकमेकांना?"

दोघं एकदम, "नाही!"

मग जे झालं... अहो, दोघांना सुया, दोघं बांधलेले, कोणाला उठून जाता येईना, तासभर तसंच पडून राहायचं, आणि भांडण तर झालंच पाहिजे! ती म्हणाली, "ही तुमची खजुराची बाग?"

मी म्हटलं, "ही तुमची कुबरा?"

"लाज नाही वाटत? ह्या वयात रक्त विकता?"

"तुम्ही काय विकताय, सुरमई?"

"मी काय करू वो? बारा गिऱ्हाइकं पळाली माझी बुडवून! तो तुमचा चपातीला-तेल-नको पळाला! खाटीक रोख मागतो! आणि तुमी एक, रोज सुकत चाललेले, टेंगूळ घेऊन फिरणारे, तुमाला मटण घालायचं नाही तर काय घालायचं? कुठनं आणायचे पैसे? इथनं!" म्हणून सुईचाच हात उचलला. मशीननं टूं टूं टूं केलं. मृणालिनी धावली. "आंटी, प्लीज, हात नको!"

आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. मी एका दमात बोललो, आयुष्यात एवढं कधी बोललो नव्हतो. "म्हणजे तू इथं सुई टोचून घेणार, त्या पैशाचं मटण आणणार, ते मला चारणार, ते खाऊन माझं पाणी पांढरं होणार, पांढरं झालं की ही पोर ते फेकणार, फेकलं की मला पैसे नाहीत, मला नाहीत म्हणून तुझे राहिले, तुझे राहिले म्हणून मी सुकणार, मी सुकलो म्हणून तू पुन्हा इथं येऊन सुई टोचून घेणार आणि त्याचं पुन्हा मटण! अगे बये, तुझं चांगलं मधासारखं रक्त माझ्या पोटातून सोलकढी होऊन गटारात चाललंय!"

मशीन घर्र करायचं थांबलं. बारा वर्षं मी तिला अहोजाहो करत होतो, त्या भरात एकेरीवर आलो होतो, हे मला मागाहून कळलं.

मैमुनाबी वर छताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुमचं पांढरं निघालं?"

"पांढरंफटक."

"पायानं?"

"पायानं."

तिनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडते. खांदे हलत होते. हसत होती! सुई दंडात असताना माणसानं असं हसू नये, मशीन पुन्हा टूं टूं करायला लागलं, मृणालिनी म्हणते, "आंटी, प्लीज!", आणि तिला काही केल्या आवरेना. "ह्यांना... ह्यांना मी पाया घातला... आणि स्वतः पेज खाते..."

"पेज?" मी म्हटलं.

"मग काय? मटण खायला परवडतंय मला? पेज आणि चिमूटभर लोणचं."

मी मूठ वळली, सोडली.

पिशव्या भरल्या. दोन्ही पिवळ्या. पाकिटं मिळाली. दोघांना सारखी. आणि मग मृणालिनी तो ट्रे घेऊन माझ्यासमोर. "काका, क्रीमचं की साधं? खाल्ल्याशिवाय मी तुम्हाला सोडणार नाही, मागच्या वेळी काय झालं माहितीय ना?" मी साधा पुडा उचलला आणि खिशात घातला. खाल्लं नाही. ठेवलं. ठेवणं वेगळं, खाणं वेगळं.

बस स्टँडवर सावलीत उभं राहून मी पाकीट पुढं केलं. "एकशे ऐंशी डब्याचे. वीस मटणाचे."

ती म्हणाली, "मटणाचे नाही घेत."

"मग मटण तुझ्या घरी ठेवायचं होतंस. माझ्या पोटात का ठेवलंस?"

तिनं माझ्याकडे बघितलं. पाकीट घेतलं. मोजलं. माझ्यासमोर मोजलं, तेच मला आवडलं. "बरोबर," म्हणाली आणि आत ठेवलं. बारा वर्षांचा हिशेब चोख. उद्या विमान, रविवारी गणपती. मी मोकळा! ताठ उभा राहिलो. आणि मग लक्षात आलं... खिशात शारजापर्यंतचं बसभाडं नाही. पाकीट मोडलं असतं तर हिशेब कमी पडला असता ना!

ती तिकिटाच्या खिडकीकडे निघाली, वळून म्हणाली, "येताव ना?"

"मी चालत येतो."

"अल ऐनपासनं शारजाला? चालत? मग ह्या वर्षी नको, पुढल्या गणपतीला पोचाल. गप ऱ्हावा!" आणि तिनं दोन तिकिटं काढली. दोन. माझ्यादेखत. मी बघत राहिलो. फिटलेलं कर्ज अजून पुरतं गार झालं नव्हतं आणि हे नवीन उभं!

बसमध्ये ती पुढं, बायकांच्या जागेवर. मी मागं. बाहेर वाळू, उंट, पुन्हा वाळू. पोटात सकाळची पेज कधीच जिरलेली, डोकं हलकं, आणि खिशात तो पुडा कुरकुर करतोय. अर्ध्या वाटेवर उठलो, बार धरत पुढं गेलो आणि पुडा तिच्या मांडीवर ठेवला.

"काय हे?"

"तिकिटाचे."

"हे तर फुकटचं हाय."

"पिशवी माझी भरली. पुडा माझा."

तिनं विचार केला. पुडा फोडला. एक बिस्कीट खाल्लं, मग दुसरं, मग खिडकीबाहेर बघत सावकाश सगळा पुडा खाल्ला, शेवटचा चुरासुद्धा तळहातावर घेऊन. मी शेजारी बार धरून उभा. मला एकदाही विचारलं नाही. विचारणार कशाला? बारा वर्षं ओळखते, मी फुकटचं खात नाही.

फिटलं.